‘दिस वॉर ऑफ माइन’ पहिल्यांदा खेळताय? मग असं खेळा

युद्धाचा गेम म्हटलं की डोळ्यासमोर आधी बंदूक येते, मग हेडशॉट, मग मेलो तरी दहा सेकंदात परत उभं राहणं. हा तसा नाहीये. २०१४ मध्ये पोलंडमधल्या वॉर्साच्या ११ बिट स्टुडिओजने काढलेला गेम आहे, यात तुम्ही सैनिक नसताच, वेढा पडलेल्या शहरातल्या एका पडक्या घरात अडकलेली तीन-चार साधी माणसं तुमच्या हवाली असतात, कोणी स्वयंपाकी, कोणी पत्रकार, कोणी फुटबॉलपटू. दिवसा बाहेर स्नायपर म्हणून घरातच राहायचं आणि रात्री एकाने जाऊन मिळेल ते घेऊन यायचं. मला आजवर कुठल्याच गेमने इतकं आतून हलवलेलं नाही, आणि बरेच जण तो घाईघाईत खेळून ‘स्लो आहे’ म्हणत सोडून देतात, त्याचं खरंच वाईट वाटतं म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी दहा मिनिटं काढून साराजेव्होबद्दल, म्हणजे बोस्नियाच्या राजधानीबद्दल, वाचा. गेममधलं पोगोरेन शहर काल्पनिक आहे पण त्यामागे साराजेव्होचा वेढा आहे, एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, तब्बल १४२५ दिवस. लोकांनी थंडीत बागेतली झाडं तोडून जाळली, पुस्तकं जाळली, पाण्याच्या रांगेत उभे असताना माणसं मेली. हे माहीत असलं की गेममध्ये शेगडीत टाकायला लाकूड उरत नाही आणि तुम्ही पुस्तकांकडे बघता, तेव्हा हात थांबतो.

दुसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. गाइड बघायचं नाही आणि रात्री काही बिनसलं की गेम बंद करून तोच दिवस परत खेळायचा नाही. मोह होतो, मलाही झाला, पण या गेमचा सगळा जीव त्यातच आहे की गेलेला माणूस परत येत नाही आणि घेतलेला निर्णय पुसता येत नाही. एकदा का तुम्ही मागे जाऊन दुरुस्ती केलीत की उरतो फक्त सामानाचा हिशोब.

तरी थोडं अगदी प्राथमिक सांगतो, कारण पहिल्या चार दिवसात सगळे मेले तर काहीच अनुभवायला मिळणार नाही. आधी शेगडी आणि एक पलंग बनवा, मग पावसाचं पाणी साठवायची सोय, आणि लवकरात लवकर फावडं म्हणजे घरातला ढिगारा पटापट उपसता येतो. रेडिओ असेल तर रोज लावा, थंडी कधी येतेय ते त्यावर कळतं. रात्री घरी किमान एक जण पहारा द्यायला ठेवाच, नाहीतर चोर येतात आणि माणसं जखमी होतात, आणि जखमेला बँडेज नसलं की ती चिघळत जाते. कोणाला काय येतं तेही बघा, ब्रुनो कमी सरपणात आणि कमी पाण्यात स्वयंपाक करतो, कातियाला घासाघीस छान जमते, मार्कोच्या पिशवीत बरंच मावतं. बस, बाकीचं आपलं आपण शिका.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. प्रत्येक खेळात ठिकाणांची यादी वेगळी असते, त्यात कधीतरी एक शांत घर येतं, म्हातारं जोडपं राहतं तिथे. मी पावले नावाच्या फुटबॉलपटूला पाठवलं होतं कारण घरी ब्रुनो आजारी होता आणि औषधाची एक गोळी नव्हती. म्हातारा हळूहळू चालत मागेमागे येत राहतो, विनवतो, पण हात उगारत नाही. मी कपाट उघडलं, औषधं घेतली, डबाबंद अन्न घेतलं, आणि मग तो नुसता उभा होता. त्याने मला अडवलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं. सकाळी पावले घरी आला, ब्रुनोला औषध मिळालं, आणि पावले उदास होऊन बसला, काम सांगितलं तरी मंदपणे चालायचा. तेव्हा मी त्याच्या फोटोवर क्लिक करून त्याच्या मनातलं वाचलं आणि त्या दिवशी पुढे खेळलो नाही. तुम्हीही रोज सकाळी प्रत्येकाचं हे वाचाच, लोक ते वगळतात आणि अर्धा गेम तिथेच लिहिलेला आहे.

हेडफोन लावून खेळा, रात्री, खोलीत दुसरं कोणी नसताना. लांबवर पडणारे गोळे, फळीवर करकरणारं पाऊल, दुसऱ्या खोलीतलं कोणाचं तरी बोलणं, भीती सगळी आवाजातून येते, ग्राफिक्स तर कोळशाने काढलेल्या चित्रासारखं आहे. सिनेमातही हेच असतं. दुसऱ्या महायुद्धावरच्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधला ओमाहा किनाऱ्यावरच्या लढाईचा सीन एकदा पूर्ण म्यूट करून बघा, मग डोळे मिटून नुसता ऐका. त्या लढाईत पार्श्वसंगीत अजिबात नाहीये, आणि कॅप्टनच्या जवळ स्फोट झाल्यावर सगळं दबक्या आवाजात ऐकू येतं, त्याच्या कानात बसल्यासारखं. चित्र झटके खात असल्यासारखं दिसतं ते कॅमेऱ्याचं शटर नेहमीपेक्षा कमी उघडं ठेवल्यामुळे, त्यामुळे उडणारा वाळूचा कण न् कण वेगळा दिसतो. हे एकदा लक्षात आलं की गेम खेळतानाही कान आपोआप जागे होतात.

आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासमोर नको. पोलंडने २०२० मध्ये हा गेम शाळेच्या वाचनयादीत घेतला, पण तोही १८ वर्षांच्या मुलांसाठी.

दारावर कोणी आलं तर दार उघडा. शेजारी मदत मागतात, एकदा दोन मुलं आईसाठी औषध मागायला आली होती आणि माझ्याकडे शेवटचंच उरलं होतं. मी काय केलं ते सांगत नाही, तुमच्याकडे येतील तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा. शेवटी युद्ध संपतं तेव्हा प्रत्येकाचं पुढे काय झालं ते एकेक करून येतं, लगेच नवीन गेम सुरू करू नका, शेवटच्या माणसापर्यंत वाचा, मेलेल्यांचंही.