थंडीनंतर नवे हायड्रेंजिया फुटत नाही? उपटण्याआधी हे तपासा

थंडीच्या तोंडावर लावलेले हायड्रेंजिया हे फुलझुडूप वसंतात पाहिले की धीर सुटतो. नुसत्या करड्या काड्या, टोके वाळलेली, कुठेकुठे साल सुटलेली. मीही एकदा असेच एक रोप ‘गेले’ म्हणून उपटले, आणि हुंडीला, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याला, चांगली पांढरी मुळे लोंबत होती. तेव्हापासून आधी नख लावतो, मग कुदळ.

फांदीची साल शेंड्याकडून खाली येत जागोजाग नखाने किंचित खरवडा. खाली हिरवे, ओलसर दिसले तर तेवढी फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे असेल तर तो भाग मेला. सगळी काडी वाळली असली, तरी जमिनीलगतच्या गड्ड्यातून नवे फुटवे येऊ शकतात. म्हणून आसपासची झाडे पानांनी भरल्यावरही तीन-चार आठवडे वाट पाहायला हरकत नाही.

सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हातात घेण्याआधी जात ओळखा. मोठ्या पानांचे मॅक्रोफायला आणि ओकसारख्या पानांचे क्वेर्सिफोलिया मुख्यतः गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलते. तिथे सरसकट छाटणी म्हणजे यंदाची फुले कापून टाकणे. वरून खाली येताना जिवंत डोळ्यांची (फांदीवरच्या कोंबांची) पहिली जोडी दिसेल, तिच्या जरा वर काप घ्या आणि थांबा. पॅनिक्युलाटा आणि आर्बोरेसेन्स नव्या फुटीवर फुलतात, त्यांना छाटणी सोसते. तरी पहिल्या वर्षी हात आखडताच ठेवावा.

नव्या रोपाची खरी गोम मुळांत असते. रोपवाटिकेतले माध्यम हलके, पीट किंवा कोकोपीटचे. ते एकदा कोरडे पडले की पाणी धरत नाही. मुळे अजून बाहेरच्या मातीत पसरलेली नसतात. त्यामुळे आळ्यात ओल दिसते, पण हुंडी आतून कोरडी ठणठणीत. बोट बुंध्याजवळ, हुंडीतच, पाचेक सेंटिमीटर घालून पाहा. कोरडे लागले तर बुंध्याभोवती बारीक धारेने, थांबून थांबून पाणी द्या. ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको. पाने आल्यावर दुपारी ती मान टाकतात, तेव्हाही घाबरून पाणी ओतू नका. संध्याकाळी ती सावरली तर पाण्याची कमतरता नव्हती, उन्हाचा ताण होता. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली ही या झाडाची आवडती जागा.

उलट बाजूही आहे. माती चिकट असेल, पाणी साचत असेल, आंबूस वास येत असेल आणि मुळे तपकिरी होऊन बोटांत चेपत असतील, तर ती कुजत आहेत. असे रोप उचलून उंचवट्यावर, निचऱ्याच्या मातीत लावा. जिथे जमीन गोठते आणि वितळते, तिथे हुंडी वर ढकलली जाते. तिचा माथा जमिनीच्या पातळीवर येईल इतपत तळहाताने दाबा, उघड्या मुळांवर माती टाका. वर ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन हवे, पण ते बुंध्याला चिकटता कामा नये.

चार दिवस ऊब पडली की डोळे फसतात, फुटतात, आणि मग एखादी गारठ्याची रात्र त्यांना काळे करते. हिमाची शक्यता असेल त्या संध्याकाळी रोपावर जुने कापड किंवा गोणपाट टाका, सकाळी काढा. प्लॅस्टिक पानाला टेकले तर पान तिथेच करपते. करपलेली पाने लगेच तोडू नका. गारठा पुरता सरेपर्यंत ती खालच्या डोळ्यांना थोडा आडोसा देतात.

खत मात्र पाने नीट उघडेपर्यंत नको. थकलेल्या मुळांना नत्राचा डोस दिला तर लुसलुशीत फूट येते, ती थंडीत आधी मरते, आणि पुढे पानेच वाढून फुले मागे पडतात. कुजलेल्या कंपोस्टचा पातळ थर पुरतो. पान पिवळे आणि शिरा हिरव्या दिसल्या तर माती अल्कधर्मी असण्याचा संशय घ्या. तिथे लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. आधी मातीचा सामू (पीएच) तपासा, मग औषध. मॅक्रोफायलाची फुले निळी करण्यासाठीचे ॲल्युमिनियम सल्फेट यंदा हातात घेऊच नका. प्रमाण चुकले तर कोवळी मुळे भाजतात, आणि रंग काय, पुढच्या वर्षीही बदलता येतो.