एमएआरवर काम करताय? या चुका टाळा

केंद्रकात क्रोमॅटिनची (डीएनए आणि प्रथिनांच्या धाग्याची) वेटोळी न्यूक्लिअर मॅट्रिक्सला (केंद्रकातल्या प्रथिनांच्या जाळीला) जिथे धरलेली असतात, ते डीएनएचे भाग म्हणजे एमएआर (मॅट्रिक्स अटॅचमेंट रीजन). नाशकात एमएस्सीची मुलं दरवर्षी या प्रोजेक्टच्या अडचणी घेऊन येतात. चुका मात्र त्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एलआयएस (लिथियम डायआयोडोसॅलिसिलेट) नीट न धुणं. लॅम्ली यांच्या गटाने १९८४ मध्ये दिलेली ही पद्धत: एलआयएसने हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) काढायचे, रिस्ट्रिक्शन एन्झाइमने डीएनए कापायचा, मॅट्रिक्सला बांधलेले तुकडे पेलेटमध्ये (तळाच्या गाळात) राहतात, सुटे सुपरनेटंटमध्ये (वरच्या द्रवात) येतात. पण हेच एलआयएस मागे उरलं तर एन्झाइमला काम करू देत नाही. मागच्या हंगामात एक विद्यार्थिनी निफाडच्या बागेतली द्राक्षाची पानं घेऊन हे करत होती. "सर, तपासलेला प्रत्येक तुकडा पेलेटमध्येच आहे!" मी आधी जेलचा फोटो मागितला. डीएनए जेलमध्ये सॅम्पल भरायच्या खाचेजवळच जाड पट्टा होऊन बसलेला, खाली स्मिअरचा (कापलेल्या तुकड्यांच्या पसरट डागाचा) पत्ता नाही. कापलंच गेलं नव्हतं, मग सुटणार काय? संध्याकाळपर्यंत उरकायचं म्हणून एकाच वॉशवर भागवलेलं. असली घाई मला अजिबात पटत नाही. मी डायजेशन बफरने पाच-सहा वेळा धुतो आणि पेलेट वेगळा करण्याआधी थोडं सॅम्पल जेलवर चालवतोच. शिवाय बांधलेला नसल्याची खात्री असलेला एक भाग कंट्रोल म्हणून तपासतो. तो सुपरनेटंटमध्ये आला नाही, तर बाकीचे आकडे बघायचेच नाहीत.

दुसरी चूक: डीएनएत एटी (अॅडेनीन-थायमीन) जास्त दिसलं की एमएआर म्हणून मोकळं होणं. सॉफ्टवेअर फक्त जागा सुचवतं. बांधणी ट्यूबमध्ये दाखवावी लागते. आणि ती दाखवताना ई. कोलायचा बारीक केलेला डीएनए स्पर्धक म्हणून घातला नाही, तर मॅट्रिक्सला वाटेल ते चिकटतं.

द्राक्षाच्या पानात पॉलिफेनॉल (तपकिरी पाडणारी रसायनं) भरपूर. ती आवरायला बफरमध्ये पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल हवंच. पानं कोवळी घ्या, बागेतच बर्फात ठेवा. केंद्रकं तपकिरी पडली तर टाकून द्या, पुढे रेटू नका.

हिस्टोन काढताना ईडीटीए (न्यूक्लिएजना लागणारे धातू बांधून ठेवणारं रसायन) विसरलात, तर पेशीतलेच न्यूक्लिएज (डीएनए तोडणारी एन्झाइम) डीएनए खातात.

एलआयएसने मिळालेले आणि २ मोलर मिठाने (हिस्टोन काढायची दुसरी पद्धत) मिळालेले निकाल एकाच तक्त्यात मिसळू नका. पद्धत बदलली की अडकलेल्या तुकड्यांची यादीही बदलते.