चाचणी लिहिण्याआधी: फॅमिली डॉक्टरसाठी पुराव्याधारे निदान आणि उपचार

फॅमिली डॉक्टरकडे येणाऱ्या तक्रारी बहुधा सुरुवातीच्या आणि धूसर असतात. तापाचा पहिला दिवस, दोन दिवसांची पोटदुखी किंवा महिनाभराचा थकवा अशा अवस्थेत गंभीर आजार आणि आपोआप बरा होणारा आजार एकमेकांसारखेच दिसतात. मोठ्या रुग्णालयात पोहोचणारे रुग्ण आधीच चाळून आलेले असल्यामुळे तेथे शिकलेली चाचण्यांची पद्धत दवाखान्यात जशीच्या तशी वापरली, तर चुकीची निदाने वाढतात. यामागचा हिशेब प्रत्येक डॉक्टरने एकदा तरी स्वतः कागदावर मांडून पाहावा.

एखाद्या चाचणीची संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती जणांची ती पॉझिटिव्ह येते) आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती जणांची ती निगेटिव्ह येते) प्रत्येकी ९० टक्के आहे असे धरा. दवाखान्यात एकसारखी तक्रार घेऊन आलेल्या १,००० रुग्णांपैकी २० जणांना तो आजार असेल, तर त्यांपैकी १८ जणांची चाचणी पॉझिटिव्ह येईल. पण आजार नसलेल्या ९८० जणांपैकीही ९८ जणांची येईल. म्हणजे ११६ पॉझिटिव्ह अहवालांपैकी केवळ १८ खरे ठरतील. हीच चाचणी जेथे १,००० पैकी ३०० जणांना आजार आहे अशा विभागात केली, तर ३४० पॉझिटिव्ह अहवालांपैकी २७० खरे असतील. चाचणी तीच, यंत्र तेच, तरीही अहवालाचा अर्थ पार बदलला, कारण आजाराची आधीची शक्यता वेगळी होती.

म्हणून चाचणी लिहिण्यापूर्वी केसपेपरवर आपला अंदाज टक्केवारीत नोंदवावा. तो अंदाज वय, तक्रारीचा कालावधी, तपासणीतील खुणा आणि त्या काळात आसपास कोणता आजार पसरला आहे यांवरून बांधायचा असतो. अंदाज चुकेल या भीतीने तो लिहिणे टाळू नये. न लिहिलेला अंदाज सुधारता येत नाही. त्यानंतर स्वतःला विचारावे की अहवाल पॉझिटिव्ह आला तर मी काय करीन आणि निगेटिव्ह आला तर काय करीन. दोन्ही उत्तरे सारखीच असतील, तर ती चाचणी लिहू नये. पॉकर आणि कॅसिरर या डॉक्टरांनी १९८० मध्ये हा विचार दोन उंबरठ्यांच्या रूपात मांडला: एका उंबरठ्याच्या खाली चाचणी व उपचार दोन्ही नकोत, दुसऱ्याच्या वर चाचणीसाठी न थांबता उपचार सुरू करावेत, आणि चाचणीची खरी जागा या दोहोंच्या मधली आहे. मेंदूज्वराचा दाट संशय असलेल्या रुग्णाला अहवालाची वाट पाहत ठेवत नाहीत, ते याच कारणाने.

घसादुखीचे उदाहरण यासाठी उत्तम आहे. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा शोध घ्यायचा तो उरलेल्या थोड्यांसाठी. १९८१ मध्ये डॉ. सेंटर यांनी मांडलेल्या चार खुणा अजूनही उपयोगी आहेत: ताप, खोकल्याचा अभाव, मानेच्या पुढच्या भागातील दुखऱ्या गाठी आणि टॉन्सिलवरचा पांढरट थर. यांपैकी एकही नसेल किंवा एकच असेल, तर सहसा चाचणीही नको आणि अँटिबायोटिकही नको. जास्त असतील, तर झटपट चाचणी करून ठरवावे. मात्र काही निरोगी मुलांच्या घशात हा जंतू कायम राहतो, त्यामुळे नाक गळणाऱ्या, खोकणाऱ्या मुलाची चाचणी पॉझिटिव्ह आली तरी तिने आजाराचे कारण सापडले असे समजू नये. जेथे या जंतूच्या घसादुखीनंतर होऊ शकणारा संधिवाताचा ताप, म्हणजे रूमॅटिक फीवर, अजूनही आढळतो तेथे उपचाराचा उंबरठा खाली आणावा लागतो. आणि तोंड उघडता न येणे, लाळ गिळता न येणे किंवा श्वासाला त्रास होणे यांपैकी काहीही दिसले, तर या खुणा मोजत न बसता रुग्णाला तातडीने रुग्णालयात पाठवावे.

मुरगळलेल्या घोट्यासाठी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेले ओटावा नियम असेच विश्वासार्ह आहेत. घोट्याच्या हाडांवर ठरावीक जागी दाबल्यावर दुखत नसेल आणि रुग्ण चार पावले टाकू शकत असेल, तर घोट्याच्या एक्स-रेची गरज सहसा नसते. पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेही रुग्णावर मात्र या नियमाची भिस्त ठेवू नये.

उपचार निवडताना पहिला प्रश्न असा की औषधाने नेमके काय सुधारले, अहवालातील आकडा की रुग्णाचे आयुष्य. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अनियमित ठोके पडणाऱ्या रुग्णांना ते ठोके कमी करणारी एन्केनाइड व फ्लेकेनाइड ही औषधे दिली जात. ठोके कमी झाले की जीव वाचेल हा तर्क कोणालाही पटेल असाच होता. १९८९ मध्ये या औषधांच्या कास्ट नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, तेव्हा ही औषधे घेणाऱ्यांमध्ये प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी, घेणाऱ्यांपेक्षा अधिक मृत्यू झालेले दिसले. माझ्या मते औषधोपचार शिकवताना हा प्रसंग सर्वांत आधी सांगायला हवा.

दुसरा प्रश्न फायद्याच्या मापाचा. धोका ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला, तर तो ‘२५ टक्क्यांनी घटला’ असे म्हणणे चूक नाही, पण एका व्यक्तीला लाभ व्हावा म्हणून १०० जणांनी औषध घ्यायचे आहे हे त्यातून कळत नाही. रुग्णाला ही दुसरी भाषा सांगावी, दुष्परिणामही त्याच मापात सांगावेत आणि मग त्याला काय महत्त्वाचे वाटते ते विचारावे. अभ्यासातील माणसे समोरच्या रुग्णासारखी होती का, हेही पाहावे. आधीच पाच औषधे घेणाऱ्या ऐंशीच्या घरातल्या रुग्णाला अशा अभ्यासांत बऱ्याचदा घेतलेलेच नसते.

निदान अनिश्चित असताना रुग्णाला घरी पाठवायचे असेल, तर ‘बरे वाटले नाही तर या’ एवढे पुरत नाही. साध्या संसर्गानंतरचा खोकला दोन ते तीन आठवडे टिकू शकतो, हे आधीच सांगितले तर पाचव्या दिवशी अँटिबायोटिकची मागणी होत नाही. पण धाप लागणे, थुंकीतून रक्त पडणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी यावे, हेही स्पष्ट शब्दांत सांगून लिहून द्यावे. त्याच तक्रारीसाठी रुग्ण तिसऱ्यांदा आला, तर औषध बदलण्याआधी केसपेपरवरचा पहिला अंदाज पुन्हा वाचावा आणि रुग्णाची हकीकत सुरुवातीपासून नव्याने ऐकावी.