क्लाउड डेटाबेसचा बॅकअप: ऐन रिस्टोअरच्या वेळी नडणाऱ्या या चुका टाळा

तळमजल्यावरच्या सर्व्हरचे पुरात काय होते, हे २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. डेटाबेस क्लाउडवर, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, नेला की ती धास्ती संपते, पण ‘आता बॅकअपचे कंपनी बघेल’ ही सोयीची समजूत तिची जागा घेते. कंपनी बॅकअप घेते हे खरे. मात्र तो किती दिवस ठेवायचा आणि कोणत्या क्षणापर्यंत मागे जायचे, हे आपल्यालाच ठरवावे लागते. पुढील तपशील ॲमेझॉनच्या आरडीएस या क्लाउड डेटाबेस सेवेचे आहेत. इतर सेवांमध्ये आकडे आणि पद्धत थोडीफार बदलते.

सर्वांत जास्त घोळ वेळेचा होतो. समजा, शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत दुपारी ३:४० ला कोणीतरी ‘व्हेअर’ची (कोणत्या ओळी बदलायच्या ते सांगणारी) अट न लिहिता ‘अपडेट’ ही माहिती बदलणारी आज्ञा चालवली आणि सगळ्या कास्टिंगना एकच दर लागला. हे रात्री दहाला लक्षात आले आणि रिस्टोअरसाठी (बॅकअपवरून डेटाबेस पुन्हा उभा करण्यासाठी) कमांड लाइनवर, आज्ञा टाइप करून, १५:३९ ही वेळ दिली, तर ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरली जाते, म्हणजे आपली रात्रीची ९:०९. रिस्टोअर बिनतक्रार पूर्ण होते, परंतु दर चुकलेलेच दिसतात आणि दोष बॅकअपला दिला जातो. योग्य वेळ १०:०९ होती, कारण भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करावे लागतात. कन्सोलवर (ब्राउझरमधील नियंत्रण पानावर) हीच वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणे दिसत असल्यामुळे गोंधळात भरच पडते.

वेळ बरोबर दिली तरी लगेच नव्या डेटाबेसवर उडी मारू नये. दुपारपासून रात्रीपर्यंत झालेली बिले आणि आवक-जावक त्यात नसते. अशा प्रसंगी चालू डेटाबेस तसाच ठेवून, रिस्टोअर केलेल्या प्रतीतून फक्त दरांचा तक्ता काढून घेणे आणि तेवढाच दुरुस्त करणे शहाणपणाचे ठरते.

ही प्रत जुन्या डेटाबेसवर न चढता नवा इन्स्टन्स (स्वतंत्र चालणारा डेटाबेस सर्व्हर) म्हणून उभी राहते आणि तिचा पत्ताही नवा असतो. सिक्युरिटी ग्रुप (कोणाला जोडणी द्यायची याचे नियम) आणि पॅरामीटर ग्रुप (डेटाबेसच्या सेटिंग्ज) स्वतः निवडले नाहीत, तर जुन्या इन्स्टन्सचे न लागता सेवेचे डीफॉल्ट लागतात. ‘कनेक्शन टाइम-आउट’ आले की पासवर्ड बदलत बसण्याआधी सिक्युरिटी ग्रुप पाहावा. सुरुवातीला क्वेरी रेंगाळल्या तरी घाबरू नये; माहिती मागून हळूहळू डिस्कवर येत असते.

मुदतीकडे तर कोणी बघतच नाही. कन्सोलवरून डेटाबेस तयार केल्यास स्वयंचलित बॅकअप सहसा ७ दिवस राहतो, कमांड लाइनवरून केल्यास १ दिवस, आणि कमाल मर्यादा ३५ दिवसांची आहे. शून्य दिल्यास बॅकअप बंदच होतो. महिन्याच्या २ तारखेची चूक पुढच्या महिन्यात जीएसटीचे विवरणपत्र भरताना सापडली, तर ३५ दिवसही अपुरे पडतात. म्हणून दर महिनाअखेरीस हाताने एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) घ्यावा, कारण त्याला मुदत नसते. दुसऱ्या झोनमधील (वेगळ्या डेटा सेंटरमधील) सतत जुळवून ठेवलेली स्टँडबाय प्रत मात्र बॅकअप समजू नये, कारण इथे पुसलेली ओळ तिथेही पुसली जाते.

मायएसक्यूएल डेटाबेसचा डंप (सगळी माहिती एका फाइलमध्ये उतरवलेली प्रत) स्वतःच्या विंडोज संगणकावर घेणाऱ्यांनी पॉवरशेल या आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत ‘>’ चिन्हाने डंप फाइलमध्ये वळवू नये. ती फाइल यूटीएफ-१६ या अक्षरसंकेतात लिहिली जाऊन नंतर लोड होत नाही, असे मायएसक्यूएलच्या माहितीपुस्तिकेतच सांगितले आहे. ‘रिझल्ट-फाइल’ हा पर्याय वापरावा. लोड करताना कॅरेक्टर सेट (अक्षरसंकेत) यूटीएफ८एमबी४ नसेल, तर ग्राहकांच्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटू शकतात, त्यामुळे तपासणीत केवळ ओळींची संख्या न मोजता दहा-वीस नावे डोळ्यांनी वाचावीत.

चाचणीसाठी उभा केलेला इन्स्टन्स काम झाल्यावर काढून टाकावा, नाहीतर त्याचे बिल चालूच राहते. काढताना नाव दोनदा वाचावे. चुकून मूळ इन्स्टन्स पुसला गेला आणि स्वयंचलित बॅकअप राखून ठेवण्याचा पर्याय निवडलेला नसेल, तर ते बॅकअपही त्याच्याबरोबर जातात. त्यामुळे शेवटचा स्नॅपशॉट घेण्याची खूण काढू नये आणि मूळ इन्स्टन्सवर डिलीट-संरक्षण चालू ठेवावे.