जुन्या गाडीतील उत्सर्जन-नियंत्रणाच्या वायरी ओळखताना

सांगलीत ऑगस्ट 2019 च्या पुरात बुडालेली जुनी पेट्रोल गाडी पुन्हा उभी करताना बॉनेटखाली लोंबणारे दोन-तीन कपलर (वायरी जोडणारे प्लॅस्टिकचे जोड) कशाचे, हा प्रश्न हमखास पडतो. ते उत्सर्जन-नियंत्रणाचे, म्हणजे धुरातील प्रदूषण कमी करणाऱ्या यंत्रणेचे असू शकतात. ते निकामी समजून कापून टाकण्याची घाई कृपया करू नये.

प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि प्रत्येक कपलरचा फोटो काढून त्यावर चिठ्ठी बांधावी. वायरीचा मूळ रंग बाहेर उडालेला असतो, म्हणून काळी टेप दोन बोटे सोलून आतला रंग व त्यावरील बारीक रेघ पाहावी.

कार्बोरेटरवरील एकाच वायरीचा लहान सिलिंडर बहुधा इंधन बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असतो. बॅटरी जोडून चावी फिरवल्यावर त्यातून ‘टक्’ असा आवाज यावा. ज्याला वायर आणि रबरी नळ्या दोन्ही जोडलेल्या आहेत, तो व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह समजावा.

सायलेन्सरच्या पाइपातील, धुरातला ऑक्सिजन ओळखणारा ऑक्सिजन सेन्सर मात्र नीट पाहावा. एक वायर असेल तर ती सिग्नलची असते. तीन किंवा चार असतील, तर एकाच रंगाच्या दोन वायरी सहसा आतल्या हीटरच्या असतात. बॉशच्या चार वायरींच्या सेन्सरात हीटरच्या दोन पांढऱ्या, सिग्नलची काळी आणि अर्थची करडी असते. इंजिन तापल्यावर सिग्नल साधारण 0.1 ते 0.9 व्होल्टदरम्यान हलता दिसावा.

पिनांवर हिरवट गंज असल्यास कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा. पॉलिशपेपरने पिनांवरील मुलामा निघून जातो.