कन्व्हर्टिबलच्या काचेतून पाणी येतंय? रबर मागवण्याआधी या चुका टाळा

साध्या गाडीत दाराची काच पोलादी चौकटीत सरकते. तिला तिन्ही बाजूंनी खाचेचा आधार असतो, त्यामुळे काच थोडी डुगडुगली तरी पाणी आत येत नाही. कन्व्हर्टिबलमध्ये, म्हणजे छत घडी होणाऱ्या गाडीत, ती चौकटच नसते. काच दारातून मोकळीच वर येते आणि तिची वरची कड छताला लावलेल्या रबराला टेकते. पाणी अडवायचं काम रबर आणि काच मिळून करतात, आणि त्यात काच नेमकी कुठे थांबते याला रबराच्या वयापेक्षा जास्त महत्त्व आहे. बहुतेक मालक मात्र गळती दिसली की रबर मागवतात. महागडा सेट येतो, बसतो, आणि पुढच्या पावसात सीटची तीच बाजू पुन्हा ओली होते. माझं ठाम मत आहे की काचेजवळच्या बहुतेक गळत्यांमध्ये रबर हा शेवटचा संशयित असावा, पहिला नव्हे.

ओल दिसली तिथेच भोक शोधणं

पाणी आत शिरतं एका ठिकाणी आणि दिसतं दुसरीकडे. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाजवळून शिरलेला थेंब ट्रिमच्या, म्हणजे आतल्या प्लॅस्टिकच्या आवरणाच्या, आतून उतरत पायाशी पोचतो. कार्पेटखालचा जाड फोम ते पाणी शोषून घेतो आणि गाडी उताराला उभी असेल तर ते मागे सरकवतो. म्हणून डबक्यावरून निष्कर्ष काढू नका.

ओल कशी आली हे आधी पाहा. काचेची आतली बाजू, दाराच्या पॅडचा (आतल्या आवरणाचा) वरचा भाग किंवा खांदा ओला होत असेल तर पाणी काच आणि छताचं रबर यांच्या मधून येतंय. पॅड वरून कोरडं, पण खालून उंबऱ्यावर ओघळ दिसत असेल तर पॅडमागचा, पाणी अडवणारा पडदा फाटलाय किंवा सुटलाय. काचा, पॅड सगळं कोरडं, फक्त सीटमागचं कार्पेट चिंब असेल तर काचेला हातही लावू नका, ती गोष्ट ड्रेनची, म्हणजे छताचं पाणी खाली नेणाऱ्या नळ्यांची आहे. पाऊस थांबल्यावर ब्रेक दाबला किंवा वळण घेतलं की पाणी आत येत असेल तर कुठेतरी साचलेलं पाणी हिंदकळतंय, एवढं नक्की समजा.

मग पाण्याची परीक्षा. इथे प्रेशर वॉशर वापरणं ही मोठी चूक आहे. त्या धारेपुढे चांगलं रबरही हार मानतं आणि तुम्ही नसलेली गळती दुरुस्त करत बसता. साधा पाइप घ्या, तोटी काढा, पाणी हलकं सोडा. एकजण आत कोरडा टिश्यू आणि टॉर्च घेऊन बसू द्या. सुरुवात खालून करा: आधी दाराचा पत्रा, मग काच जिथे दारात शिरते ती रेघ, मग आरशाजवळचा कोपरा, मग पुढचा खांब, आणि छताची कड सगळ्यात शेवटी. प्रत्येक जागी काही मिनिटं थांबा. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

जागा हेरली की कागदाची पट्टी घ्या. छत बंद करून लॉक करा, पट्टी काच आणि रबर यांच्या मध्ये ठेवून दार लावा आणि हळू ओढा. पट्टी अडखळत, थोड्या ताणाने निघायला हवी. सहज सुटली तर तिथे दाब नाही. कडेने दर चार बोटांवर हे करत गेलात की कुठे ढिलं आहे त्याचा नकाशाच मिळतो. रबरावर टाल्कम पावडर पुसून दार लावलं आणि उघडलं तर काचेवर पांढरी रेघ उमटते. रेघ जिथे तुटते तिथेच पाणी शिरतं.

काचेची जागा न तपासता रबर बदलणं

या लेखात एकच भाग नीट वाचायचा असेल तर हा वाचा.

काचेला तीन प्रकारे हलवता येतं: वर-खाली, पुढे-मागे, आणि आत-बाहेर झुकवून. दाराचं पॅड काढलं की काचेच्या पट्ट्यांचे आणि थांब्यांचे बोल्ट दिसतात. रचना मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून सर्व्हिस मॅन्युअल जवळ ठेवा, पण तत्त्व तेच राहतं. काच ज्या उभ्या पट्ट्यांवरून वर चढते त्यांची खालची टोकं बाहेर ढकलली की काचेची वरची कड आत झुकते आणि रबरावरचा दाब वाढतो. वरचा थांबा उचलला की काच अजून वर जाते.

बोल्ट सैल करण्याआधी त्याची मूळ जागा मार्करने आखून घ्या. हे न केल्याने कित्येक जणांचं काम दोन तासांवरून दोन दिवसांवर जातं. एका वेळी एकच गोष्ट हलवा, अगदी थोडी, आणि प्रत्येक बदलानंतर कागदाची परीक्षा पुन्हा करा. उंची आणि झुकाव एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. जास्त दाब म्हणजे जास्त चांगलं, असंही नसतं. काच रबरात फार खोल घुसली तर दार आपटून लावावं लागतं, रबराची ओठासारखी कड दुमडते आणि लवकर फाटते. काचेची कड त्या ओठाखाली अलगद शिरावी, त्याला वर ढकलू नये.

आणि काचेच्याही आधी दार बघा. दार अर्धं उघडून कुलपाच्या टोकाला वर उचलून पाहा. बिजागरीत खेळ जाणवला तर दार खाली झुकलंय आणि त्याच्यासोबत काचही. झुकलेल्या दारात काच कितीही सरकवली तरी ती छताच्या कडेला समांतर येणार नाही. त्यानंतर छत: पुढच्या काचेच्या चौकटीला ते नीट ओढून बसतंय का, छत अडकवणारे दोन्ही लॅच सारख्याच ताकदीने लागतात का. छताच्या बाजूची रबरं सहसा तुकड्यातुकड्यांत असतात, कारण छताची चौकट घडी होते. छत एका बाजूने किंचित मागे राहिलं तर तुकड्यांच्या सांध्यात फट पडते, आणि सांधा हेच गळतीचं आवडतं ठिकाण. नवं कापड बसवल्यावर ते ताठ असतं, छत पूर्ण पुढे यायला वेळ लागतो. लगेच काचा हलवायला घेऊ नका.

हे सगळं गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी असताना करा. पक्कं छत नसल्याने कन्व्हर्टिबलची बॉडी जास्त लवचीक असते. एक कोपरा जॅकवर उचलला तरी दाराच्या फटी बदलतात, आणि तिथे जुळवलेली काच खाली उतरल्यावर पुन्हा चुकीची ठरते.

आता एक साधं कारण, जे फार वेळा नजरेतून सुटतं. बऱ्याच कन्व्हर्टिबलमध्ये दाराचं हँडल ओढताच काच साधारण सेंटीमीटरभर खाली येते आणि दार लागल्यावर वर जाऊन रबरात बसते. बॅटरी काढली किंवा पूर्ण उतरली की अनेक गाड्यांचं कंट्रोल युनिट काचेचं वरचं टोक विसरतं. मग काच वर जातच नाही किंवा थोडी आधीच थांबते. नवी बॅटरी बसवल्यानंतर गळती सुरू झाली असेल तर पाना उचलू नका. मॅन्युअलमध्ये काच पुन्हा शिकवण्याची पद्धत दिलेली असते. बहुतेक वेळा काच पूर्ण खाली आणि पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. बॅटरी मेलेली असताना दार जोरात ओढून उघडणं हीसुद्धा वाईट सवय आहे. काच खाली येत नाही आणि रबराला ओरबाडत निघते.

सिलिकॉन सीलंटची ट्यूब

कृपया नको. पुढच्या खांबावरच्या रबरात मुद्दाम बारीक नाली ठेवलेली असते, छतावरून आलेलं पाणी तिच्यातून खाली आणि बाहेर जातं. ती नाली सीलंटने बुजवली की पाण्याला जायला वाट आतलीच उरते. शिवाय सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर नंतर रंग धरत नाही आणि रबर काढताना ते फाटतं. जाड स्पंजची पट्टी चिकटवणंही तसंच: स्पंज पाणी धरून ठेवतो आणि खालचा पत्रा गंजतो. चपटं झालेलं रबर तात्पुरतं उचलायचं असेल तर पाणी न शोषणारी बंद पेशींची पातळ फोमपट्टी रबराच्या मागे, म्हणजे खाचेत घालता येते. तेवढ्याने पावसाळा निभावतो.

दारात पाणी शिरूच नये, अशी अपेक्षा

काच दारात जिथे उतरते तिथून थोडं पाणी आत जाणारच, प्रत्येक गाडीत जातं. ते दाराच्या पोकळीतून खाली उतरून तळाच्या छिद्रांवाटे बाहेर पडावं, अशी रचना असते. पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा किंवा फोमचा पडदा असतो, तो पाण्याला गाडीच्या आत येऊ देत नाही. स्पीकर बदलताना किंवा काचेची मोटर दुरुस्त करताना हा पडदा फाडून तसाच सोडून दिला जातो, आणि काही आठवड्यांनी मालक छताच्या रबराला दोष देतो. पडदा ब्यूटिल टेपने (चिकट, रबरासारख्या पट्टीने) चारही बाजूंनी पक्का चिकटवा. त्याची खालची कड दाराच्या पोकळीच्या आत वळलेली हवी, म्हणजे थेंब पॅडच्या बाजूला न पडता पोकळीत पडेल. तळाची छिद्रं माती किंवा गंजरोधक मेणाने बुजली नाहीत ना, तेही पाहा.

ड्रेन विसरणं

सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी छत, जिथे दुमडून बसतो तिथलं पाणी नळ्यांवाटे खाली जातं. मॅझ्दा एमएक्स-५ मध्ये या नळ्या सीटमागे दोन्ही बाजूंना आहेत. पानं, धूळ, कापडाचे तंतू साचले की पाणी कडेवरून आत सांडतं. पहिल्या पिढीच्या बीएमडब्ल्यू झेड४ मध्ये छताची हायड्रॉलिक मोटर अशाच एका कोपऱ्यात बसवलेली आहे. तिथला ड्रेन तुंबला की मोटर पाण्यात बुडते आणि दुरुस्तीचा खर्च डोळे पांढरे करतो. पहिल्या पोर्शे बॉक्स्टरमध्ये सीटखाली कंट्रोल युनिट असतं. ते भिजलं तर गाडी सुरू होत नाही आणि सगळे स्टार्टरमागे लागतात.

नळी साफ करायला तार खुपसू नका, नळीला भोक पडतं. कॉम्प्रेसरची जोरदार हवाही नको, ती नळीला आतल्या आत जोडापासून उपटते. मग पाणी बाहेर न जाता थेट बॉडीच्या पोकळीत पडतं. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी उत्तम चालते. वरून पेलाभर पाणी हळू ओता आणि तेवढंच खालून बाहेर पडतं का ते बघा.

चुकीचं वंगण

पेट्रोलियम जेली, इंजिन ऑइल किंवा टायरची पॉलिश रबराला लावू नका. तेलाने हे रबर फुगतं, मऊ पडतं आणि आकार सोडतं. सौम्य साबणाने धुवा, वाळवा, आणि सिलिकॉन ग्रीस किंवा रबरासाठीच बनवलेलं द्रव्य अगदी पातळ पुसा. सिलिकॉन ग्रीस आणि सिलिकॉन सीलंट या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दुकानात नीट बघून घ्या.

रबर खरंच गेलं असेल तर

बोटाने दाबल्यावर ते परत वर येत नसेल, कोपऱ्यात चिरलं असेल, कडक होऊन चकाकत असेल, तर बदलाच. बसवताना ताणू नका. ताणलेलं रबर महिनाभरात आखडतं आणि टोकाशी फट सोडतं. आधी दोन्ही टोकं आणि कोपरे बसवा, मग मधला भाग दाबत जा. आधीची खाच गंजली असेल तर ती साफ करून रंगवल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवं रबर जाड असतं, त्यामुळे जुन्या चपट्या रबरासाठी जास्त आत झुकवलेली काच थोडी मागे घ्यावी लागेल, नाहीतर नव्या रबराची पहिल्याच आठवड्यात वाट लागते.

गळती थांबली तरी कार्पेट वरून कोरडं लागतं म्हणून सोडून देऊ नका. खालच्या फोममध्ये कित्येक लिटर पाणी राहू शकतं, आणि तिथेच बुरशी धरते व वायरिंगचे जोड हिरवे पडतात. सीट काढून कार्पेट उचला, पंखा लावा, पूर्ण वाळेपर्यंत परत बसवू नका. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. ते सोडवण्याआधी बॅटरी काढा आणि काही मिनिटं थांबा. ती परत जोडल्यावर काचांना त्यांचं वरचं टोक पुन्हा शिकवा, मगच पाइप घेऊन शेवटची परीक्षा करा. कार्पेट कायमचं बसवण्याआधी त्याखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून दोन-तीन पाऊस जाऊ द्या. कागदावर डाग पडला तर त्याच्या वरच्या बाजूने पुन्हा शोध सुरू करा.