सूक्ष्म आरएनएसाठी रक्ताचा नमुना: शिरेपासून फ्रीजरपर्यंत

कर्करोगाच्या गाठीतून मायक्रोआरएनए, म्हणजे साधारण २२ न्यूक्लिओटाइड लांबीचे आरएनएचे तुकडे, रक्तात उतरतात. ते प्रथिनांना चिकटून किंवा सूक्ष्म पुटिकांत बसून टिकतात, म्हणून प्लाझ्मात, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्ताच्या द्रवात, मोजता येतात. अडचण अशी की तेच तुकडे तांबड्या पेशींत आणि प्लेटलेटमध्येही भरपूर असतात. रक्त घेताना चार पेशी फुटल्या की गाठीचा बारीक आवाज त्या गोंगाटात बुडतो.

नळी जांभळ्या टोपणाची, ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन) घ्या. हिरव्या टोपणाची नको, कारण त्यातलं हेपॅरिन आरएनए मोजायची पीसीआर चाचणी अडवतं. सिरमही (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) टाळा, रक्त गोठताना प्लेटलेट आपलं आरएनए बाहेर सोडतात. सुई २१ किंवा २२ गेजची, दंडाचा पट्टा एका मिनिटाच्या आत सोडायचा. सिरिंजने रक्त ओढलं असेल तर सुई काढून, टोपण उघडून, नळीच्या कडेने हळू सोडा. सुईतून दाबून मारलं की पेशी फुटल्याच म्हणून समजा. मग नळी ८ ते १० वेळा अलगद उलटीसुलटी करा, हलवून खळखळवू नका. नमुना शक्यतो उपाशीपोटी घ्या, कारण तेलकट प्लाझ्मा पुढची तपासणी गढूळ करतो.

नळी उभी ठेवा आणि दोन तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करा. एप्रिल-मेमध्ये बीड-परभणीकडे पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून नळी थर्माकोलच्या पेटीत, २० ते २५ अंशांवर हवी. बर्फात खुपसू नका. थंडीने प्लेटलेट उद्दीपित होतात. तालुक्याहून पूर्ण रक्त जीपने शहरात पाठवणं ही तर सर्वांत वाईट सवय. खड्ड्यांतले हादरे आणि लांबलेला वेळ दोन्ही नमुन्याला मारतात. सेंट्रिफ्यूज (नळी गरगर फिरवून पेशी तळाला बसवणारं यंत्र) शिबिराच्या जागी न्या, सोबत जनरेटर ठेवा, आणि गावाहून गोठवलेला प्लाझ्माच आणा.

सेंट्रिफ्यूजचा पहिला फेरा २,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २,००० पट जोर), १० मिनिटं, ब्रेक बंद किंवा अगदी मंद. आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्या याचा, आकडा डोळे मिटून लावू नका. रोटरची त्रिज्या १० सेंमी असेल तर २,००० जीसाठी सुमारे ४,२०० आरपीएम लागतात, १५ सेंमीला ३,४५० पुरतात. १० सेंमीच्या रोटरवर नेहमीचे ३,००० ठेवले तर जेमतेम १,००० जी मिळतं आणि प्लेटलेट वरच तरंगत राहतात. वरचा प्लाझ्मा काढताना पांढऱ्या पेशींच्या थरावर अर्धा सेंमी सोडून द्या. तेवढा वाया गेलेला परवडतो. नव्या नळीत दुसरा फेरा १०,००० जी, १० मिनिटं. तळाचा थेंब सोडून २०० मायक्रोलिटरचे भाग करा आणि उणे ८० अंशांत ठेवा. एक भाग एकदाच वितळवायचा. लोडशेडिंगचा भरवसा नसेल तर फ्रीजर जनरेटरच्या लाइनवरच हवा. कोरडा बर्फ गाडीतून नेताना पेटी हवाबंद करू नका, काच थोडी उघडी ठेवा.

प्लाझ्मा गुलाबी दिसत नाही एवढ्यावर विसंबू नका. ४१४ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण मोजा (फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन तो शोषतं), ०.२ च्या वर गेलं तर नमुना बाजूला. पीसीआरनंतर मिर-२३ए या मायक्रोआरएनएच्या सीक्यूमधून (पीसीआरच्या कितव्या फेरीत तो दिसला तो आकडा) तांबड्या पेशींतल्या मिर-४५१ए चा सीक्यू वजा करा: फरक ५ च्या आत असेल तर ठीक, ७ च्या वर असेल तर तांबड्या पेशी फुटल्यात.

आरएनए काढताना तुलनेसाठी बाहेरून घालायचं कृत्रिम मायक्रोआरएनए, सेल-मिर-३९, लायसिस बफर (नमुना फोडणारं द्रावण) पडल्यावरच घाला. आधी घातलं तर प्लाझ्मातले एन्झाइम ते गिळून टाकतात. आरएनए इतकं कमी निघतं की नॅनोड्रॉप या आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राचा आकडा निरुपयोगी, म्हणून प्रत्येक नमुन्याचं आकारमान सारखं घ्या. यू६ हे पेशीतलं छोटं आरएनए प्लाझ्मासाठी तुलनेचा आधार म्हणून वापरू नका, ते स्थिर राहत नाही.

आणि आता खरी मेख. रुग्णांचं रक्त छत्रपती संभाजीनगरच्या ओपीडीत, एसीच्या खोलीत घेतलं आणि निरोगी माणसांचं परांडा-भूमच्या शिबिरात, तर दोन गटांत दिसणारा फरक कर्करोगाचा नसून प्रवासाचा असतो. सापडलेले बरेच ‘मार्कर’, म्हणजे कर्करोगाच्या खुणा, दुसऱ्या प्रयोगशाळेत गळून पडतात, त्याचं हे एक मोठं कारण. दोन्ही गटांना तेच केंद्र, तीच नळी, तेवढाच वेळ. आणि पीसीआरच्या एकाच प्लेटवर दोन्ही गट मिसळून चालवा. तोंडाच्या कर्करोगावर काम असेल तर निरोगी गटातही तंबाखू-गुटखा खाणारे त्याच वयाचे लोक घ्या. नाहीतर चाचणी कर्करोग ओळखायच्या ऐवजी तंबाखू ओळखेल. मिर-२१ हा मायक्रोआरएनए तर साध्या दाहातही वाढतो, म्हणून हिरड्या सुजलेल्यांची वेगळी नोंद ठेवा.

रुग्णाला यातला आकडा सांगू नका. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या गर्भाशयमुखाच्या तपासणीच्या अभ्यासाने २००९ मध्ये दाखवलं की एकदा केलेल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीने मृत्यू कमी होतात. रक्तातल्या मायक्रोआरएनएबद्दल एवढा पुरावा अजून नाही. शिबिरात कुणाच्या तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला, तर पीसीआरची वाट न पाहता त्याला बायॉप्सीसाठी पाठवा.